लिंबूपाण्यावरचा अनंत

राठोड मॅडम कोणाच्याही घरी गेल्या की आधी तिथली कुंडी उचलून बघतात. घरातली माणसं "या, बसा" म्हणत दारात उभी असतात आणि या मात्र ओसरीवर वाकलेल्या. कुंडी वीतभर वर घ्यायची, हातात जोखायची, डोळे मिटायचे आणि खाली ठेवून निकाल द्यायचा, "भारी हाये. आज पानी नोका देऊ. दम खाऊ द्या तिले." नाहीतर, "हलकी झाली जी. द्या आता." त्यानंतर मग तब्येत कशी, पोरं काय करतात वगैरे.

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांची आई वारली तेव्हा आम्ही दोघी भेटायला गेलो होतो. बायका पदर डोळ्यांना लावून बसलेल्या. कोणी बोलत नव्हतं. मॅडमनी ओसरीवरच्या क्रोटनची कुंडी उचलली आणि त्या शांततेत खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पानी पाजू पाजू मारता ना तुमी हिले!" आत थोरली सून बसली होती. शेवटच्या दिवसांत सासूच्या तोंडात चमच्याने पाणी तीच घालत होती. तिने जो हंबरडा फोडला तो चहा होईपर्यंत थांबला नाही.

शाळेच्या स्नेहसंमेलनातही तेच. प्रमुख पाहुणे भाषण करत होते. मॅडम व्यासपीठावर सूत्रसंचालनाला मदत करायच्या निमित्ताने चढल्या, कोपऱ्यातली कुंडी उचलली आणि पाहुण्यांसमोरची पाण्याची बाटली उघडून तिच्यात ओतली. जाता जाता मला म्हणाल्या, "चांगलं पानी होतं. पाहुन्याच्या गळ्यात वाया गेलं असतं." पाहुणे पुढे बराच वेळ कोरड्या घशाने बोलले आणि भाषण लवकर संपलं, म्हणून मुलींनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

मॅडम म्हणजे आमच्या शाळेच्या खेळाच्या शिक्षिका. मी मराठीची. दोघी निवृत्त झालो आणि नेरला शिक्षक कॉलनीत आमचे प्लॉट शेजारीशेजारी निघाले. मध्ये कमरेएवढी भिंत. निवृत्तीनंतर माणसं साधारण मऊ होतात असं म्हणतात. मॅडम आजही पहाटे पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, वर नीट चापूनचोपून नेसलेली साडी आणि गळ्यात शिट्टी, अशा अंगणात उतरतात. शिट्टी कोणासाठी, असं मी एकदा विचारलं. "सवय हाये जी. गळा रिकामा वाटते," म्हणाल्या. लग्न त्यांनी केलं नाही. महागावकडच्या बंजारा तांड्यावरून शिकायला बाहेर पडल्या, नोकरीला लागल्या, आणि मग मुलींच्या खो-खोच्या संघांमागे धावता धावता ते राहूनच गेलं.

हरणं त्यांना ठाऊकच नव्हतं. एका गुणासाठी पंचांशी भांडायच्या. मैदानावरची चुन्याची रेघ हाताने मोजून दाखवायच्या. एकदा तर एका पंचांना त्यांनी त्यांच्याच मोटरसायकलपर्यंत सोडायला जाऊन सगळा रस्ता नियम ऐकवले. दुसऱ्या दिवशी त्या पंचांनी निकाल बदलला नाही, पण नेरला यायचं मात्र बंद केलं.

ही सगळी जिद्द आता कुंड्यांत उतरली आहे. आणि इथूनच माझ्या पोटात दुखायला सुरुवात होते.

आमच्या भागात पाण्याच्या दोन तऱ्हा. नळ येतो तेव्हा येतो आणि आला की ब्लिचिंगचा वास घेऊन येतो. बोअर बारा महिने देते, पण जड पाणी. भांड्यावर पांढरे डाग, गिझरमध्ये खपल्या, डोक्यावर केसांचा झाडू. कॉलनीतल्या सगळ्यांनी यातून एकच धडा घेतला, की आपण आरओचं मशीन बसवावं. मॅडमनी मात्र झाडांच्या बाजूने विचार केला. नळाचं पाणी त्या पिंपात भरून झाकण न लावता रात्रभर ठेवतात. "वास उडू द्या. घामेजलेल्या पोरीले कोनी तसंच जेवाले बसवते का?" आणि बोअरच्या पाण्याच्या बादलीत लिंबं पिळतात. सरबताला पिळलेल्या लिंबांच्या फोडीसुद्धा त्या कॉलनीभर फिरून गोळा करतात. पाव्हणे सरबत पीत असताना या समोर पिशवी घेऊन उभ्या.

"झाडांना लिंबूपाणी?" मी एकदा भिंतीवरून विचारलं. आवाजात जेवढा उपरोध मावतो तेवढा घातला.

"हाफ टाइमले खो-खोच्या पोरीयले कोरं पानी देत होतो का आपून? लिंबू पिळत होतो ना? मंग! बोअरचं पानी जड असते. त्यानं मातीतलं लोह असूनबी झाडाले भेटत नाई. ताट समोर अन् हात बांधलेले. लिंबानं पानी हलकं होते."

"आणि साखर नाही घालत?"

"मुंग्या येतात," त्या गंभीरपणे म्हणाल्या. उपरोध त्यांना कधीच कळला नाही. इतकी वर्षं मी मराठी शिकवून काय मिळवलं, असं मला त्या वेळी वाटलं.

पाणी कधी द्यायचं याचंही त्यांचं शास्त्र. वेळापत्रक नाही. कुंडीचं वजन सांगेल तेव्हाच. प्रत्येक मोठ्या कुंडीवर बाहेरून त्यांनी चुन्याने एक आडवी रेघ मारली आहे, मैदानावर मारायच्या तशीच सरळ. माती त्या रेघेपर्यंत सुकेस्तोवर पाणी नाही. "मुळं काय फक्त पितात का? श्वास बी घेतात. सारखं पानी म्हंजे सारखी पळापळ. दम खाऊ द्या!" हे "दम खाऊ द्या" त्यांचं ब्रीद आहे. मुलींना म्हणायच्या, झाडांना म्हणतात आणि एकदा दवाखान्यात सलाइन लावलेल्या आमच्या ह्यांच्याकडे बघून नर्सलाही म्हणाल्या होत्या.

आता अनंताचं सांगते. माझी मुलगी पल्लवी नोकरीला लागली तेव्हा पहिल्या पगारात तिने अनंताची दोन रोपं आणली. एकाच नर्सरीतून, एकाच दिवशी, कुंड्याही सारख्या मातकट रंगाच्या. एक मला आणि एक राठोड मॅडमना. तुम्ही म्हणाल, गुणाची पोर. मी म्हणते, आईला एक आणि खेळाच्या बाईलाही एकच? आणि मॅडमचं रोप चार बोटं उंच होतं. ते मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं होतं.

पल्लवी मॅडमच्या संघात होती. तेव्हापासून घरात उठताबसता राठोड मॅडम. मॅडम म्हणतात डावा पाय आधी, मॅडम म्हणतात रडायचं नाही, मॅडमनी बुटाची नाडी बांधून दिली. आठवीत मी वर्गाला "माझी आवडती व्यक्ती" हा निबंध दिला. माझ्याच पोटच्या पोरीने माझ्याच वर्गात बसून राठोड मॅडमवर निबंध लिहिला आणि तो मला तपासावा लागला. चांगला होता. मी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शोधून शोधून गुण कापले. अजूनही ती नेरला आली की बॅग आमच्या दारात ठेवते आणि आधी भिंतीपलीकडे आवाज देते. आधी तिकडे, मग इकडे. मी दारात बॅगेशेजारी उभी असते.

तर माझं रोप माझ्या अंगणात आणि त्यांचं त्यांच्या. पहिली दोन वर्षं दोन्ही बरोबरीने वाढली. मग आमच्याकडे आरओ आलं. त्या मशीनच्या नळीतून जे वाया जाणारं पाणी येतं, ते बघून माझा जीव तुटायचा. आम्ही पाण्याच्या टँकरमागे घागरी घेऊन धावलेली माणसं. ते पाणी मी बादलीत धरलं आणि थेंबन् थेंब अनंताला घातला. रोज, सकाळ-संध्याकाळ. कॉलनीत सगळ्यांना सांगितलं, आमच्याकडे पाण्याचा थेंब वाया जात नाही. महिला मंडळात माझं कौतुक झालं. चार घरांनी तीच पद्धत उचलली.

"ढोले मॅडम, ते पानी नोका टाकू झाडाले," भिंतीपलीकडून आवाज आला. "मशीन चांगलं पानी तुमाले देते अन् सारा खार त्या नळीतून फेकते. तो खार तुमी अनंताले चारून राह्यल्या. त्यानं फरशी पुसा."

"अहो, पाणीच आहे ते."

"मीठ हाये ते. आमच्या आज्या-पंज्यायनं बैलायवर मीठ लादून मुलुख पालथा घातला. मिठाचं आमाले नोका सांगू. ते पाठीवर न्यायचं असते, मुळाशी नाई ओतायचं."

मी हसले आणि बादली ओतली. माझ्या काटकसरीचं कौतुक झालेलं तिला बघवत नाही, असं मी आत येऊन ह्यांना म्हटलं. हे पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "नेमकं कोणाला कोणाचं बघवत नाही?" यांना तसं काही सुचत नाही, पण सुचलं की नको तेव्हा.

मग अनंताची पानं पिवळी पडायला लागली. शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधला भाग पिवळा. पुढे कडा करपल्या. कुंडीच्या मातीवर पांढरी खपली आली. मला वाटलं, भूक लागली असेल. मूठभर डीएपी टाकलं. पिवळं वाढलं तसं पाणी वाढवलं. भिंतीपलीकडून सल्ला आलाच. "जेवाले वाढता अन् लगेच ताट धुऊन टाकता. रोज एवढं पानी घातल्यावर खत कुंडीत राह्यते कुठं? खालून वाहून जाते." मी ऐकलं नाही. त्यांचा अनंत मात्र काळाभोर हिरवा. आरसा पुसावा तशी पानं चकाकायची. संध्याकाळी वाऱ्यावर त्यांच्या फुलांचा वास माझ्या स्वयंपाकघरात यायचा आणि मी खिडकी लावून घ्यायचे. कांद्याच्या फोडणीचा वास परवडला.

यंदा उन्हाळ्यात पल्लवीचा फोन आला. दिवस गेले होते आणि सातव्या महिन्यात डोहाळजेवण नेरलाच करायचं ठरलं. म्हणाली, "आई, दुसरं काही नको. फुलांची वाडी अनंताची कर. तुझ्या झाडाची फुलं माळायची आहेत मला."

तुझ्या झाडाची! माझ्या! मॅडमच्या नाही. फोन ठेवला आणि मी तडक झाडापाशी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोरीने काहीतरी आधी माझ्याकडे मागितलं होतं. आणि माझ्या झाडावर त्या वेळी जेमतेम तीन कळ्या होत्या, त्याही बारीक आणि पिवळट.

त्यानंतर मी त्या झाडाचं काय केलं नाही ते विचारा. ताक घातलं. चहाचा चोथा घातला. कोणीतरी सांगितलं म्हणून गंजलेला खिळा खोचला. पाणी तर विचारूच नका. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पलीकडे मॅडमच्या झाडावर कळ्यांची गर्दी झाली होती. काय वेगळं करते ही बाई? लिंबाशिवाय आणखी काहीतरी असणार. ती सांगत नाही.

एका दुपारी मॅडम बाजारात गेलेल्या पाहून मी त्यांचं गेट उघडलं. उन्हात कॉलनी चिडीचूप होती. मी त्यांच्या अनंतापाशी गेले. माती हुंगली, बोट घालून पाहिलं, पान चाखलं. काही कळेना. मग म्हटलं, ती उचलून बघते तशी आपणही बघावी. मॅडम मोठी कुंडी कधी पूर्ण उचलत नाहीत, नुसती एक कड वर करतात, हे मला त्या क्षणी आठवलं असतं तर बरं झालं असतं. मी दोन्ही हात घातले आणि जोर लावला. कुंडी जागची हलली नाही. माझी कंबर मात्र हलली, आणि तिथेच अडकली. मी कुंडीला मिठी मारून, वाकलेली, ना खाली बसता येत ना वर उठता येत, अशी त्या कळ्यांत नाक खुपसून उभी राहिले. बाई, काय तो वास होता! शेजारणीच्या झाडाला मिठी मारून रडावंसं वाटेल, असं मी जन्मात म्हटलं नसतं.

गेट वाजलं. पांढरे बूट माझ्या डोळ्यांसमोर येऊन थांबले.

मला वाटलं, आता विचारतील. मी मनात दोन-तीन थापा तयार केल्या होत्या. मॅडमनी पिशवी ठेवली, माझ्या कमरेवर तळहात दाबला आणि म्हणाल्या, "दम खाऊ द्या. घाईनं उठू नोका. श्वास घ्या. सोडा. आता डावा पाय मांगं." तासाभराने मी त्यांच्या पलंगावर होते आणि हातात लिंबूपाण्याचा ग्लास. तो स्वयंपाकघरातला होता की बादलीतला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी न बोलावता त्या आमच्या अंगणात आल्या. मी पट्टा बांधून खुर्चीत. त्यांनी माझ्या कुंडीतली पांढरी खपली नखाने खरवडली आणि चक्क जिभेला लावली. "घ्या. खारं." मग माझ्या आरओचं गोडं, प्यायचं पाणी मागून घेतलं आणि कुंडीतून खालपर्यंत वाहू दिलं. थांबून पुन्हा तसंच केलं. मग त्यांनी हात पुढे करून माझ्या त्या तीन कळ्या खुडल्या.

"अहो! काय करता!" मी खुर्चीतून उठायला गेले आणि कमरेने बसवलं.

"बिमार पोरीले मैदानात उतरवत नाई, मॅडम. सारी ताकद कळीत गेली तं झाड जाईन. यंदा फुलं नोका मागू त्यले. पुढच्या साली पाहा."

"पुढच्या साली? मला या महिन्यात हवीत! पल्लवीला मी शब्द दिलाय!"

मॅडम तिथेच थबकल्या. "कोन्या झाडाची म्हनली ते?"

"माझ्या झाडाची," मी म्हटलं. सांगताना मला सुखही झालं, खोटं कशाला बोलू.

"हाव," एवढंच म्हणून त्या खुडलेल्या कळ्या पदरात घेऊन निघून गेल्या. मला सगळं लख्ख दिसलं. मुद्दाम खुडल्या! आता पोरीला वाडी भरायला फुलं कोणाकडची लागणार? हिच्याच झाडाची. चार बायकांत पुन्हा हिचाच जयजयकार. ज्या बाईने मोटरसायकलपर्यंत पंचाचा पिच्छा सोडला नाही, ती मला बरी सोडेल! त्या रात्री जेवताना मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि भाजी वाढायला सांगितली.

डोहाळजेवणाच्या दिवशी पहाटेपासून मी स्वयंपाकघरात होते. एकीकडे पुरण, एकीकडे कुकरच्या शिट्ट्या. बाजारातून मोगऱ्याचे गजरे मागवले होते. अनंत नाही जमला, उन्हाने गेला, असं पल्लवीला सांगायचं ठरवलं होतं. उजाडल्यावर रांगोळीचा डबा घेऊन दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच उभी राहिले.

माझा अनंत फुलला होता. वरपासून खालपर्यंत. पांढरीशुभ्र, तळहाताएवढी फुलं, मध्ये उमलणाऱ्या कळ्या, पानं हिरवीगार.

सांगायला लाज वाटते, पण घटकाभर मला खरंच वाटलं की ताकाचा गुण आला. मग कुंडीवरची चुन्याची सरळ रेघ दिसली. मी भिंतीपाशी गेले. पलीकडे मॅडम गॅस सिलिंडरची ट्रॉली धुऊन ठेवत होत्या. त्यांच्या अंगणात, त्यांच्या अनंताच्या जागी, माझा पिवळा काटकुळा उभा होता.

"मॅडम, हे..."

"काई बोलू नोका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पोरगी येऊन राह्यली. तिनं आईच्या झाडाचं म्हनलं ना, मंग आईच्याच अंगनातलं तोडू द्या."

तेवढ्यात गाडी थांबली. पल्लवी जपून उतरली, फाटकात आली आणि झाड बघून तिने तोंडावर हात ठेवला. "आई! जमलं तुला!" माझ्या गळ्यात पडली. आधी माझ्या! बॅग गाडीतच होती. मग नेहमीप्रमाणे भिंतीवरून डोकावली. "मॅडम! अहो, तुमच्या झाडाला काय झालं?"

"पानी जास्त झालं, माय."

"तुमच्याकडून?"

"हाव ना. म्हातारी झाली मी. चुकलं." मॅडम हसल्या. एका गुणासाठी हाताने रेघ मोजणारी ही बाई, माझ्या मुलीसमोर माझी चूक आपली म्हणून सांगत होती, तीही इतक्या सहज. मला तिचा त्या क्षणीही हेवाच वाटला. एवढं हरायला मला आयुष्यात जमलं नसतं. आणि मी काही बोलले का? नाही. जिंकल्याची चव तोंडात होती.

पल्लवीने स्वतः फुलं तोडली. आम्ही वाडी केली, वेणीत, हातात, कमरेला, सगळीकडे अनंत. घर वासाने भरलं. कॉलनीतल्या बायका आल्या, "ढोले मॅडम, हात आहे हो तुमचा!" म्हणाल्या. मी हसून घेत होते, पण प्रत्येक वेळी हसू जरा आखूड होत होतं. ओटी भरायची वेळ झाली. पल्लवी पाटावर बसली आणि सारखी दाराकडे बघत राहिली. "मॅडम नाही आल्या?"

कोणीतरी म्हणालं, "ओटी भरायला सवाष्णी लागतात गं. त्या येऊन काय करतील?" सगळ्याजणी नारळ-खण सावरायला लागल्या. असं वाक्य या कॉलनीत आधीही बोललं गेलं असणार, आणि मॅडमच्या समोर. मी कधी कान दिला नव्हता.

मी उठून पलीकडे गेले. मॅडम मागच्या पायरीवर बसल्या होत्या. अंगावर नवी साडी, घडीच्या खुणा अजून मोडलेल्या नव्हत्या. बूट खडूने पांढरे केलेले. गळ्यात शिट्टी नव्हती, त्या जागी एक बारीक सोन्याची साखळी. मांडीवर पिशवी, तिच्यात नारळ, खण, तांदूळ आणि वर पाच हळकुंडं कागदात बांधून. समोर माझा आजारी अनंत. त्याच्या मातीवरून त्या सावकाश हात फिरवत होत्या.

शुद्ध मराठी मी घरात ठेवूनच आले होते. "काहून नाई आल्या तुमी?"

त्यांनी मान वर केली नाही. "दम खाऊन राह्यली जी जरा."

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "लय झाला दम खाऊन. उठा आता. पोरगी पाटावर बसून राह्यली, अन् पहिली ओटी तुमीच भरनार हाये."

"मले नाई जमत ते, मॅडम. बाया..."

"बायांकडे मी बघते. डावा पाय आधी."

घरात आम्ही शिरलो तेव्हा बायकांनी माना वळवल्या. मी मोठ्याने, वर्गात बोलायचे तशी बोलले, "पल्लवी, ही फुलं यांच्या झाडाची आहेत. पहाटे त्यांनी कुंड्या बदलल्या. माझं झाड पलीकडे आहे, पिवळं."

पल्लवी म्हणाली, "माहीत आहे, आई. रेघ दिसली ना मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती खूश दिसत होतीस."

म्हणजे सकाळपासून त्या दोघींनी मिळून मला जिंकू दिलं होतं. मी तांदळाचं ताट मॅडमच्या हातात दिलं. ज्या हातांनी कॉलनीतली प्रत्येक कुंडी बिनचूक जोखली, त्यांचा नेम इथे चुकला. निम्मे तांदूळ पल्लवीच्या ओटीत पडले, निम्मे पाटावर. मॅडमना पुढे काय करायचं ठाऊक नव्हतं. त्यांनी पोरीच्या पोटावर अलगद तळहात ठेवला, डोळे मिटले आणि तसाच थोडा वेळ ठेवला. मग म्हणाल्या, "भारी हाये. घाई नोको करू, माय. दम खाऊ दे."

पल्लवीने वाकून आधी त्यांना नमस्कार केला, मग मला. वाईट वाटलं का? वाटलं, थोडं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मॅडमसाठी लिंबूपाणी करायला आत गेले. पिळलेल्या फोडी त्यांच्या पिशवीत टाकल्या.